घटनास्थळ पाहून चोर कोण ते सांगता येतं का?

इंदिरानगरच्या एका ताईंच्या प्रश्नाला हे उत्तर आहे. त्या मानसशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला शिकतात. त्यांच्या सोसायटीच्या आसपास दीड महिन्यात चार फ्लॅट भरदिवसा फुटले आणि अजून कुणी हाती लागलेलं नाही. त्या विचारतात, मालिकांमध्ये प्रोफायलर घटनास्थळी चार चकरा मारतो आणि गुन्हेगाराचं वय, कामधंदा, लग्न झालंय की नाही, सगळं सांगून मोकळा होतो, तसं खरंच होतं का? होत असेल तर नाशिकमध्ये का होत नाही? आणि या कामात यायचं तर काय शिकायचं?

माझी नोकरी आधी नाशिक ग्रामीणच्या स्थानिक गुन्हे शाखेत आणि मग शहरात झाली, बहुतेक सगळी तपासावरच. आता नव्या फौजदारांना तपास शिकवतो. त्यांच्याकडूनही हाच प्रश्न येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. गुन्हेगार तिथे कसा वागला, हा एक. तो कोण असावा, हा दुसरा. नीट पाहणाऱ्याला पहिल्याचं उत्तर बऱ्यापैकी खात्रीने देता येतं. दुसऱ्याचं उत्तर मात्र कायम अंदाजानेच द्यावं लागतं. मालिका हा फरक गाळून टाकतात. माझ्या मते प्रोफाइलमधून, म्हणजे घटनास्थळावरून बांधलेल्या गुन्हेगाराच्या वर्णनातून, नाव निघत नाही. हातात असलेली नावांची यादी कुठल्या टोकाकडून तपासायला घ्यायची, एवढं त्यातून कळतं. यादीच नसेल तर उत्तमातलं उत्तम प्रोफाइलही कागदावरच राहतं.

घरफोडीचंच उदाहरण घेतो. तुमच्याकडच्या चार गुन्ह्यांची मला काही माहिती नाही आणि चालू तपासावर बाहेरून बोलणं बरं नाही. हे जुन्या कामातलं चित्र आहे, ओळख पटेल असे तपशील वगळून.

तिसरा मजला, लिफ्टसमोरचं दार. कडीकोयंडा कटावणीने उचकटलेला, कुलूप शाबूत लटकतंय. समोरच्या आणि शेजारच्या दाराला बाहेरून कडी घातलेली. आत बेडरूममधलं लोखंडी कपाट फोडलेलं, टेबलाचे सगळे ड्रॉवर उघडे. वरच्या ड्रॉवरमधले कागद खालच्या ड्रॉवरमध्ये पडले होते, म्हणजे खालचा आधी उघडला होता. सोनं आणि रोकड गेली. लॅपटॉप आणि कॅमेरा जागच्या जागी. पलंगावर बेन्टेक्सच्या बांगड्या आणि एक खोटं मंगळसूत्र, निवडून बाजूला ठेवल्यासारखं.

आता यातली प्रत्येक गोष्ट त्या माणसाने केलेली निवड आहे, आणि निवडीमागे कारण असतं. शेजाऱ्यांच्या दारांना कडी घातली, म्हणजे शेजारी घरात आहेत हे त्याने धरलंच होतं. इमारत रिकामी नव्हती, हा एकच फ्लॅट रिकामा होता आणि ते त्याला ठाऊक होतं. याचा अर्थ कुणीतरी आधी रेकी केली किंवा आतून माहिती दिली. ड्रॉवर वरून उघडत आलं तर प्रत्येक वेळी बंद करून मगच पुढचा पाहावा लागतो. खालून वर गेलं तर तो वेळ वाचतो. हे पहिल्यांदा चोरी करणाऱ्याला सुचत नाही. बेन्टेक्स वेगळं काढणाऱ्याला सोन्याची पारख आहे. लॅपटॉप सोडणाऱ्याला ठाऊक आहे की ती वस्तू उचलून नेताना दिसते आणि नंतर मागही लागू शकतो. आणि फक्त सोनं नेलं, तर ते घेणारा कुणीतरी आधीच ठरलेला असण्याची शक्यता मोठी.

इथपर्यंत पाय जमिनीवर आहेत. तरी प्रत्येक अनुमानाशेजारी दुसरी शक्यता लिहायचीच, हा माझा नियम. कडी घालण्याची युक्ती तुरुंगातल्या सोबत्याकडून शिकलेली असू शकते. सोन्याची पारख सराफी दुकानात काम केलेल्याला असते, तशी सोबतच्या बाईलाही असू शकते. साथीदार जिन्यात उभा होता की माणूस एकटाच निगरगट्ट होता, हे फक्त घर पाहून ठरत नाही.

आणि काय लिहायचं नाही, तेही सांगतो. वय लिहायचं नाही. ‘पंचवीस ते पस्तीस’ असं कुणी लिहिलं तर ते त्या घरातून आलेलं नसतं. अशा गुन्ह्यात पकडले जाणारे बहुतेक त्या वयाचे असतात, म्हणून आलेलं असतं. ही माहिती निरुपयोगी नाही, पण तिला घटनास्थळाच्या वाचनाचं रूप देऊ नये. वाचणाऱ्या अधिकाऱ्याला कळलं पाहिजे की कुठलं वाक्य दारावरच्या खुणेतून आलं आणि कुठलं जुन्या नोंदींतून.

खरं काम त्यानंतर सुरू झालं, आणि ते मालिकांमध्ये कधी दाखवत नाहीत, कारण ते कंटाळवाणं दिसतं. त्या भागातल्या सगळ्या घरफोड्या एकाच टोळीच्या खात्यावर टाकल्या जात होत्या. सगळे पंचनामे टेबलावर मांडून वेळ, मजला, आत शिरायची जागा, गेलेला माल आणि राहिलेला माल असे रकाने पाडले. तेव्हा दोन गुन्हे वेगळे निघाले. ते रात्रीचे, तळमजल्यावरचे, स्वयंपाकघराच्या खिडकीचं ग्रील वाकवून केलेले. फ्रीजमधलं खाल्लेलं, मोबाइल आणि गॅस सिलिंडर गेलेला. हा दुसराच माणूस, गरजेपोटी किंवा व्यसनापोटी चोरणारा, आणि बहुधा जवळच राहणारा, कारण सिलिंडर खांद्यावर घेऊन कुणी लांब जात नाही. ते दोन बाजूला काढल्यावर उरलेले सगळे सकाळी ११ ते दुपारी १ मधले निघाले. वेळेची चौकट एवढी अरुंद झाली की कॅमेऱ्यांचं चित्रीकरण आणि मोबाइल टॉवरचा डम्प डेटा, म्हणजे त्या वेळात त्या टॉवरवर आलेल्या सगळ्या नंबरांची यादी, माणसाच्या आवाक्यात आला. दिवसभराचा डम्प डेटा म्हणजे हजारो नंबर, त्यातून काही सापडत नाही. दोन तासांच्या पट्ट्यात दोन-तीन ठिकाणी तोच नंबर दिसला तर तो डोळ्यांत भरतो.

मग पद्धतीच्या नोंदी, म्हणजे कुठला गुन्हेगार कसा गुन्हा करतो याच्या पोलिसांकडच्या जुन्या नोंदी, काढल्या. शेजारच्या दारांना कडी घालणारे, दिवसा फ्लॅट फोडणारे, त्यातले नुकतेच जामिनावर किंवा शिक्षा भोगून बाहेर आलेले. या क्रमाने तपासताना एकाचा ठसा कपाटातल्या लॉकरच्या दारावरच्या ठशाशी जुळला. गुन्हा ठशाने सिद्ध झाला. तो कुणाच्या ठशाशी आधी ताडून पाहायचा, हे पद्धतीच्या अभ्यासाने सांगितलं. आता राज्यभरचे ठसे संगणकावर ताडता येतात, त्यामुळे ठसा हाती असेल तर हा खटाटोप वाचतो. हातमोजे घालणाऱ्याच्या बाबतीत मात्र अजून तोच रस्ता आहे.

जगात गाजलेली प्रकरणं नीट वाचलीत तरी हेच दिसेल. न्यूयॉर्कमध्ये १९४० पासून वीज कंपनीवर राग धरून बॉम्ब ठेवणारा माणूस १६ वर्षं सापडत नव्हता. १९५६ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ जेम्स ब्रसेल यांनी त्याचं वर्णन केलं. अटकेच्या वेळी डबल ब्रेस्टेड कोट घातलेला असेल, बटणं लावलेली, इथपर्यंत. जानेवारी १९५७ मध्ये जॉर्ज मेटेस्की सापडला आणि कोटाची गोष्ट जगभर पसरली. प्रत्यक्षात पोलीस रात्री दारात आले तेव्हा तो पायजम्यात होता आणि निघताना त्याने तसा कोट चढवला. त्याचं नाव निघालं ते कंपनीच्या जुन्या फायलींतून. भरपाईचे अर्ज चाळणाऱ्या एका कर्मचारी महिलेला एका अर्जातले शब्द आणि बॉम्बवाल्याच्या पत्रांतले शब्द सारखे दिसले. वर्णनाचा फायदा असा, की राग धरलेला जुना कर्मचारी शोधायचा ही दिशा पक्की झाली.

मी वर्गात त्याहून जास्त वेळ लंडनच्या प्रकरणाला देतो. रेल्वे स्थानकांच्या आसपास बलात्कार आणि पुढे खून होत होते. १९८६ मध्ये मानसशास्त्रज्ञ डेव्हिड कँटर यांनी गुन्ह्यांच्या जागा तारखेनुसार नकाशावर मांडल्या. सुरुवातीचे गुन्हे एका लहान भागात होते, नंतरचे पसरत गेले होते. त्यावरून त्यांनी सांगितलं की हा माणूस किलबर्नच्या बाजूला राहतो, त्याला रेल्वेची माहिती आहे, संसार धड नाही. जॉन डफीचं नाव पोलिसांच्या सुमारे दोन हजार संशयितांच्या यादीत आधीपासून होतं, पण बरंच खाली. ते वर आलं, त्याच्यावर पाळत बसली, आणि त्याच्या आईवडिलांच्या घरी गुन्ह्यात वापरलेल्या दोरीसारखीच दोरी सापडली. १९८८ मध्ये त्याला शिक्षा झाली. यादी आधी, क्रम मग, आणि शेवटी हातात धरता येईल असा पुरावा. प्रोफाइलची खरी जागा या मधल्या पायरीवर आहे.

नकाशाचं हे काम पुढे व्हँकुव्हरच्या पोलीस दलातल्या किम रॉस्मो यांनी गणितात बसवलं. तत्त्व साधं आहे. माणूस आपल्या माहितीच्या भागात गुन्हा करतो, घराच्या अगदी दारात सहसा करत नाही, आणि फार लांबही जात नाही. पण हे सगळ्यांना लागू पडत नाही. नाशिक महामार्गावरचं शहर आहे. इंदिरानगर, पाथर्डी फाटा, द्वारका, आडगाव, सगळं मुंबई-आग्रा रस्त्याला लागून. बाहेरगावहून येऊन, गुन्हा करून, अर्ध्या तासात इगतपुरी किंवा चांदवडच्या दिशेने निघून जाणाऱ्याचं घर नकाशाच्या मध्यावर शोधलं तर नाहक भलत्याच वस्तीतली दारं ठोठावली जातील. म्हणून आधी ठरवायचं, हा इथला की येऊन-जाऊन करणारा. इथला माणूस गल्लीबोळ वापरतो, पायी किंवा आतल्या रस्त्याने निघतो. बाहेरचा महामार्गाला मिळणारा सरळ रस्ता धरतो आणि एकाच दिवशी दोन-तीन ठिकाणी हात मारतो. सोनसाखळी चोरीत हा फरक फार लवकर दिसतो.

खुनाच्या तपासात आणखी एक भेद उपयोगी पडतो. काम पार पाडण्यासाठी गुन्हेगार जे करतो ती त्याची पद्धत, आणि ती तो शिकत जाईल तशी बदलते. जे करायची गरजच नव्हती तरी केलं, ते त्याच्या मनातून आलेलं असतं आणि सहसा बदलत नाही. म्हणून जुनाजाणता हवालदार घटनास्थळी ‘हे कशाला केलं असेल?’ असं पुटपुटतो, तेव्हा मी नव्या अधिकाऱ्यांना सांगतो, त्याच्याजवळ थांबा. प्रेत झाकलं का? फोटो पालथा केला का? जखमा मृत्यूला पुरेशा होत्या त्याहून जास्त का? अशा गोष्टींतून ओळखीचा माणूस आणि परका माणूस वेगळा काढायला मदत होते. आपल्याकडच्या बहुतेक खुनांत मात्र याची गरजच पडत नाही. मारणारा ओळखीतला असतो, जमीन, पैसा, संशय किंवा दारू हे कारण असतं, आणि शेवटचं कुणासोबत पाहिलं हे विचारत गेलं की माग निघतो.

आता मर्यादा, आणि इथे मी स्पष्ट बोलणार आहे, कारण चुकीच्या प्रोफाइलने माणसांचं वाटोळं होतं.

अमेरिकेत एफबीआयने १९७२ मध्ये वर्तनशास्त्राचा विभाग काढला. पुढे रॉबर्ट रेसलर, जॉन डग्लस आणि त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या अॅन बर्जेस यांनी तुरुंगातल्या ३६ खुन्यांच्या मुलाखतींवरून गुन्हेगारांची ‘संघटित’ (आखून गुन्हा करणारे) आणि ‘असंघटित’ (न आखता, झटक्यात करणारे) अशी वर्गवारी मांडली. मालिकांतलं बरंचसं त्यावर उभं आहे. २००४ मध्ये कँटर आणि सहकाऱ्यांनी एकामागून एक खून करणाऱ्या १०० जणांच्या गुन्ह्यांवर ही वर्गवारी घासून पाहिली, तेव्हा असे दोन स्वच्छ गट निघाले नाहीत. बहुतेक गुन्ह्यांत दोन्हींचं मिश्रण होतं. तेव्हा ही वर्गवारी वाचा जरूर, पण तिच्या आधारावर कुणाचं दार ठोठावू नका.

लंडनमध्येच १९९२ मध्ये विम्बल्डन कॉमनवर एका तरुण आईचा तिच्या लहान मुलासमोर खून झाला. प्रोफाइलमध्ये बसतो म्हणून पोलिसांनी एका माणसावर लक्ष केंद्रित केलं आणि वेशांतर केलेल्या महिला पोलिसाकरवी त्याला बोलतं करायचा प्रयत्न केला. तो कबूल झाला नाही, तरी त्याला अटक झाली. १९९४ मध्ये न्यायाधीशांनी तो सगळा पुरावा फेटाळला. खरा गुन्हेगार रॉबर्ट नॅपर डीएनएवरून २००८ मध्ये दोषी ठरला. आणि सगळी नजर त्या निर्दोष माणसावर खिळलेली असताना, १९९३ मध्ये, नॅपरने आणखी एका आईला आणि तिच्या चिमुरडीला मारलं होतं. हे प्रकरण शिकवताना माझा आवाज आजही चढतो.

आपल्या नाशिकशी जोडलेलं प्रकरण तर सगळ्यांना माहीत आहे. अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुली लहान मुलं पळवायच्या, चोरीच्या वेळी त्यांचा ढालीसारखा वापर करायच्या आणि नंतर जीव घ्यायच्या. हे वर्षानुवर्षं चाललं. बालकांच्या खुनांचं प्रोफाइल त्या काळी कुणीही लिहिलं असतं तरी त्यात एकटा पुरुष असता. आई आणि दोन लेकी कुठल्या साच्यात बसणार होत्या? १९९६ मध्ये त्या सापडल्या त्या नाशिकमधल्या घरगुती वैराच्या धाग्यावरून, नातेवाइकांना आलेल्या संशयावरून. पुण्यातल्या जोशी-अभ्यंकर खुनांच्या वेळीही, १९७६-७७ मध्ये, लोकांच्या मनातला खुनी कुणीतरी भयंकर दिसणारा होता. निघाले ते त्याच शहरातले, कला महाविद्यालयात शिकणारे तरुण.

आणि एक गोष्ट मी कुठल्याही वर्गात सांगितल्याशिवाय राहत नाही. जातीवरून, जमातीवरून, वस्तीवरून संशय धरणं म्हणजे प्रोफाइलिंग नव्हे. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा आणला आणि अख्ख्या जमातींना जन्माने गुन्हेगार ठरवलं. १९५२ मध्ये तो रद्द झाला, त्या जमाती विमुक्त झाल्या, पण गावात चोरी झाली की आधी पालावर जायची सवय सुटायला फार वेळ लागतोय. प्रोफाइल एका माणसाच्या वागण्यातून निघतं. जन्मावरून निघालेलं काहीही तपासाला आंधळं करतं आणि निरपराध घरांवर अत्याचार करतं. तुम्ही या क्षेत्रात आलात तर ही रेघ कुणासाठीही ओलांडू नका, वरिष्ठांसाठीही नाही.

कोर्टात काय होतं? आपल्याकडे प्रोफाइल पुरावा म्हणून उभं राहत नाही, आणि ते योग्यच आहे. ‘हा अशा स्वभावाचा आहे, म्हणून यानेच केलं’ हे आपला कायदा मानत नाही. पोलिसांसमोरचा कबुलीजबाबही सहसा चालत नाही. आरोपीने सांगितल्यावरून मुद्देमाल सापडला, तर तेवढा भाग चालतो. नार्को, पॉलिग्राफ वगैरे चाचण्या संमतीशिवाय करता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सेल्वी खटल्यात ठरवलं. त्यामुळे तपास अधिकाऱ्याला प्रोफाइलचा शेवटचा उपयोग चौकशीच्या खोलीत होतो. कुणी प्रश्न विचारायचे, कुठून सुरुवात करायची, कशाचा उल्लेख आधी करायचा नाही. कामावर गर्व असणारा घरफोड्या दरडावल्यावर गप्प बसतो आणि कसबाबद्दल विचारलं की बोलतो. सोनं कुठल्या सराफाकडे गेलं हे मग कळतं.

तर तुमच्या पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर एवढं: हे काम नाशिकमध्येही चालतं, पंचनामा, पद्धतीच्या नोंदी आणि नकाशा यांच्यातून. त्यासाठी वेगळा माणूस कोट घालून येत नाही. ते किती चांगलं होतं, हे पहिल्या तासात घटनास्थळ किती बारकाईने टिपलं यावर आणि एका अधिकाऱ्याच्या डोक्यावर किती गुन्हे आहेत यावर अवलंबून असतं. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहे. ती नेटाने राबवली तर पंचनाम्यांचा दर्जा सुधारेल, आणि मला त्यातून मोठी आशा आहे.

शिक्षणाबद्दल. जिल्हा पोलिसांत प्रोफायलर असं पद नाही. तपास स्वतः करायचा असेल तर एमपीएससीतून फौजदार व्हा, प्रशिक्षण आपल्याच त्र्यंबक रोडवरच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत होतं. मानसशास्त्रातच राहायचं असेल तर गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठात न्यायवैद्यक मानसशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण मिळतं. दोन्हींच्या आधी संख्याशास्त्र पक्कं करा आणि सत्र न्यायालयात बसून उलटतपासणी ऐका. बचावाचे वकील एका अनुमानाच्या चिंध्या कशा करतात हे पाहिल्यावर लिहिण्याची पद्धतच बदलते.

सोसायटीसाठी आजच करण्यासारखं एक काम आहे. कॅमेऱ्याच्या डीव्हीआरमध्ये किती दिवसांचं चित्रीकरण राहतं ते तपासा. बऱ्याच ठिकाणी आठ-पंधरा दिवसांत जुनं पुसलं जातं. चारपैकी ज्या तारखांचं शिल्लक असेल ते तपास अधिकाऱ्याला कळवून वेगळं जतन करा, आणि चोरीच्या दिवसाबरोबर आधीच्या आठवड्याचंही ठेवा, कारण रेकी तेव्हा झालेली असते. वॉचमनची नोंदवही त्यासोबत द्या. ज्यांची घरं फुटली त्यांना सांगा, काय गेलं याच्या यादीबरोबर काय समोर असून गेलं नाही, तेही लिहून द्यायचं. आणि पंच म्हणून बोलावलं तर नाही म्हणू नका.